टिकलीचं बटण

खारघरच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घरात झोपायच्या तीन खोल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात लाडाची खोली माणसांसाठी नव्हतीच. तिच्या तीन भिंतींना काचेची कपाटं होती आणि कपाटांत प्रसादने चौदा वर्षं जमवलेले जुने व्हिडिओ गेम मांडलेले होते. एकूण अडतीस. वायरी सैलसर गुंडाळून कापडी पट्टीने बांधलेल्या, कॅसेटी उभ्या लावलेल्या, फळ्यांच्या कोपऱ्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. खिडकीला जाड काळा पडदा, कारण उन्हाने जुनं प्लास्टिक पिवळं पडतं. दमटपणा मोजणारं एक इवलं यंत्र दाराशी टांगलेलं, आणि त्याचा काटा वर गेला की प्रसादचं तोंड उतरायचं.

"माझ्या साड्यांना कपाट नाही आणि याच्या खोक्यांना एसी," असं प्रियदर्शिनी, त्याची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

स्मिताताई मात्र त्या खोलीत रमायच्या. नवरा गेल्यावर वाशीचं घर सोडून त्या मुलाकडे आल्या, तेव्हा प्रसादने त्यांना एक काम नेमून दिलं. बंद पडून राहिलेली मशिनं आतून कुजतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाला दहा दहा मिनिटं वीज द्यायची. जुना, जाड काचेचा एक टीव्ही त्यासाठीच ठेवलेला होता. स्मिताताई सतरंजी टाकून बसायच्या, एकेक मशीन जोडायच्या, पडद्यावर चित्र आलं की वहीत खूण करायच्या. खेळायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या.

अडतीसांत एक धरलेलं नव्हतं. ते माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं आणि खोक्याला सात वेळा चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी स्मिताताईंनी स्वतः गुंडाळली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी.

नवरात्राच्या आदल्या रविवारी प्रसादने ते खोकं खाली काढलं.

"दसऱ्याला आमच्या जुन्या गेमवाल्या ग्रुपमधली पोरं येणारेत बघायला," तो म्हणाला. "मधल्या कपाटात हे ठेवतो. सुरुवात याच्यापासूनच झाली ना."

त्याने पट्टी कापली आणि आतून जुन्या घराचा वास आला. डांबरगोळ्यांचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, गोडसर.

मशीन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं पिवळं पडलं होतं. त्याला दोन रिमोट, दोघांच्या वायरी मशीनमध्येच पक्क्या बसवलेल्या. एक नंबरच्या रिमोटला मधे दोन बटणं होती, त्यांतलं एक स्टार्टचं. दोन नंबरच्या रिमोटला ती नव्हतीच. त्या काळी असंच यायचं. खेळ सुरू करणं आणि मधेच थांबवणं एक नंबरवाल्याच्या हातात, दोन नंबरवाल्याने नुसतं खेळायचं.

दोन नंबरवर, जिथे ते बटण असायला हवं होतं तिथे, पिवळ्या प्लास्टिकमध्ये एक पांढरा गोल होता. शर्टाच्या बटणाएवढा.

तो गोल कशाचा हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं. प्रसादच्या थोरल्या बहिणीने, ईश्वरीने, आईच्या पाकिटातली मरून टिकली काढून तिथे चिकटवली होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि प्रसाद आठचा. "हे माझं स्टार्ट," ती म्हणायची, आणि अंगठ्याने टिकली दाबायची, आणि अर्थातच काही व्हायचं नाही. मग प्रसाद गडाबडा लोळून हसायचा. एक नंबर तो कधी सोडायचाच नाही. टिकली पुढे कधीतरी गळून पडली, पण जितके दिवस होती तितके दिवस तिने आपल्याखालची जागा पांढरी राखली.

"जिवंत आहे का बघू," म्हणत प्रसादने मशीन टीव्हीला जोडलं. होड्यांचा खेळ होता. नदी वरून खाली वाहत यायची, तिच्यातून ओंडके यायचे, ते चुकवायचे. लाल होडी एक नंबरची, निळी दोन नंबरची. त्याने एकट्याचा खेळ लावला, दोन ओंडके चुकवले, आणि नदी थांबली. गाणंही थांबलं.

"तू दाबलंस?" स्मिताताईंनी विचारलं.

"नाही. स्टार्ट अडकतंय वाटतं. कचरा गेला असेल आत."

त्याने एक नंबरचा रिमोट उघडला. आत कचरा नव्हता. पुसून परत लावला, पुन्हा खेळ सुरू केला. या वेळी चार ओंडके गेले आणि नदी थांबली. दोन नंबरचा रिमोट सतरंजीवर उताणा पडलेला होता. त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

"सत्तावीस वर्षं झाली, आई. बिघडणारच," प्रसाद म्हणाला, पण त्याने मशीन जरा घाईनेच बंद केलं. "चालत नसलं तरी चालेल. दिसायला चांगलं हवं. उद्या पांढरं करून टाकतो."

"पांढरं कसं?"

"केस रंगवायच्या आधी लावतात ते क्रीम असतं, पार्लरवाल्यांकडचं. ते फासायचं, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचं. नवं कोरं होतं."

"ऊन पिवळं करतं म्हणून तर तू पडदे लावलेस."

"नुसतं ऊन पिवळं करतं. क्रीम लावलं की तेच ऊन पांढरं करतं."

स्मिताताईंनी त्या पांढऱ्या गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दोन नंबरचा राहू दे तसाच."

"एक पांढरा आणि एक पिवळा? भंगारातून उचलल्यासारखं दिसेल, आई. तू टेन्शन नको घेऊस. काही तुटणार नाही."

सगळं पांढरं झाल्यावर तो गोल उरणार नव्हता. लेकीच्या कपड्यांवर बोहारणीकडून पातेली आली होती, दप्तर सासरच्या कोणाच्या तरी मुलीला दिलं होतं, फोटो तर सगळ्यांच्याच घरी असतात. तिच्या हाताची म्हणावी अशी खूण या एवढ्याशा गोलाशिवाय जगात कुठे राहिली नव्हती. पण हे बोलायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव प्रसादसमोर घ्यायचं नाही हे स्मिताताईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. त्याला कारण होतं.

सोमवारी सकाळी प्रियदर्शिनी कामासाठी दोन दिवस पुण्याला गेली. प्रसादने मशीनची आणि रिमोटची कवचं सुटी केली, हातमोजे घालून क्रीम फासलं, कागद गुंडाळला आणि सगळं गॅलरीत मांडलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, कोवळं असतानाच चटका देणारं. "तासातासाने फिरवत राहा, आई. नाहीतर डाग पडतात," असं सांगून तो ऐरोलीला ऑफिसला गेला.

दार लागल्याबरोबर स्मिताताईंनी दोन नंबरचा कागद सोडला. कापसाने त्या गोलावरचं क्रीम टिपलं, पदराने जागा कोरडी केली. आपल्या खणातल्या पाकिटातून एक मरून टिकली काढली आणि बरोबर गोलावर चिकटवली. कागद पुन्हा गुंडाळला. मनाला बरं वाटलं.

दुपारी वरणाला फोडणी देताना त्यांचा हात थबकला. टिकली झाकणार होती पांढऱ्याला. भोवतालचंही पांढरं होणार. मग टिकली काढल्यावर उरणार काय? पांढऱ्यात पांढरं. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. धावत गॅलरीत जाऊन बघितलं तर कागदाखाली सगळं दुधासारखं झालेलं होतं. उशीर झाला होता. तरी दर तासाला त्या कवचं फिरवत राहिल्या, कारण सांगितलेलं काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

प्रसाद दिवेलागणीला आला. त्याने कवचं धुतली, पुसली, रिमोट जोडले. दोन नंबरवरची टिकली पाण्याने सुटून मोरीत वाहून गेली होती. तो रिमोट दिव्याखाली धरून उभाच राहिला.

"आई, इथे काय लावलं होतंस?"

"टिकली."

"मग हे काय आहे?"

स्मिताताईंनी चष्मा लावला. पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकवर, जिथे काही उरायला नको होतं तिथे, एक गर्द पिवळा गोल होता. सत्तावीस वर्षांचा सगळा पिवळेपणा सरकत येऊन तिथे जमा झाला असावा तसा. आणि गोलात बारीक रेघा होत्या, एकीत एक वळत गेलेल्या. अंगठ्याच्या. प्रसादने आपला अंगठा त्यावर टेकवला. त्याचा खूपच मोठा पडला.

स्मिताताईंनीही टेकवून पाहिला. त्यांचाही मोठा पडला.

प्रसादने मग मशीन टीव्हीला जोडलं आणि सतरंजीवर बसला. या वेळी त्याने दोघांचा खेळ लावला. दोन नंबरचा रिमोट आपल्या डाव्या बाजूला ठेवला, पूर्वी ठेवायचा तसा. पडद्यावर दोन होड्या आल्या. लाल पुढे गेली. निळी काठाशी नुसती डोलत राहिली.

ओंडके आले. नदी थांबली.

त्याने स्टार्ट दाबलं. नदी हलली नाही. पुन्हा दाबलं. खोलीत फक्त कपाटांतल्या दिव्यांची बारीक गुणगुण होती. दाराशी टांगलेल्या यंत्राचा काटा हळूहळू वर चढत होता, जणू कोणीतरी ओल्या अंगाने खोलीत आलं होतं. प्रसाद तिकडे बघत होता, पण उठला नाही.

"तिनं सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "ताप होता तिला. तरी मी बळंच बसवलं खेळायला. ती म्हणाली, प्रसाद, थांबव ना, गरगरतंय, पाणी पिऊन येते. मी जिंकत होतो. मी म्हटलं, दाब की तुझं स्टार्ट."

स्मिताताईंनी सतरंजीचं टोक मुठीत धरलं.

"ती दाबत होती, आई. टिकली दाबत होती. मला वाटलं नाटक करतेय. मग पडली."

दोन दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये वारली होती. तापच तसला होता, डॉक्टर म्हणाले होते, पाण्याने काही फरक पडला नसता. पण हे आठ वर्षांच्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मी ऐकलं होतं," स्मिताताई म्हणाल्या.

प्रसादने मान वळवली.

"स्वयंपाकघरात होते. पोळ्या करत होते. तिचं ऐकलं, तुझंही ऐकलं. भांडू नका रे, एवढं ओरडले आणि पुढची पोळी लाटायला घेतली. गॅस बंद करून यायला काय लागलं असतं मला?" त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुला वाटलं असतं मी तुला बोल लावते, म्हणून नाव काढलं नाही तिचं. सत्तावीस वर्षं."

पडद्यावर दोन्ही होड्या थबकलेल्या, ओंडका अर्ध्या वाटेवर. प्रसादने पुन्हा स्टार्टवर अंगठा ठेवला.

"दाबू नकोस," स्मिताताई म्हणाल्या. "पिऊन येऊ दे तिला पाणी."

त्याने अंगठा काढला.

घरात दोघंच होती आणि दोघं या खोलीत होती. स्वयंपाकघरातून पाण्याच्या पिंपावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग ओगराळं बुडवल्याचा. मग पेला ओट्यावर ठेवल्याचा, अलगद, ओरडा खायला नको म्हणून मुलं ठेवतात तसा.

स्मिताताईंनी मागे वळून पाहिलं नाही. प्रसादनेही नाही. तो फक्त सतरंजीवर थोडा उजवीकडे सरकला. एक नंबरचा रिमोट त्याने रिकाम्या झालेल्या जागेसमोर ठेवला, वायरीची गुंडाळी नीट सोडवून, आणि दोन नंबरचा आपल्या हातात घेतला.

नदी वाहायला लागली.