शैलाबाईंच्या नावाचा डबा

मंजिरी हुशार होती, याबद्दल लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एकाही मराठी घरात दुमत नव्हतं. केंब्रिजची ऑफर आली तेव्हा तिच्या आईने, शैलाबाईंनी, बेसनाचे लाडू वळून सगळ्या गल्लीत वाटले, शेजारच्या गोऱ्या म्हातारीलासुद्धा. पण हुशारी वेगळी आणि अक्कल वेगळी. अक्कल असती तर त्या डब्यापायी एवढं रामायण झालंच नसतं.

डबा स्टीलचा, पुण्याहून आणलेला, झाकणावर ‘सौ. शैला’ असं कोरलेलं. मंजिरी त्यात कॉलेजला पोळीभाजी न्यायची. एकदा तिने वर्गातल्या तुआनला थालीपीठ दिलं आणि डबा त्याच्याकडेच राहिला. तुआनचं कुटुंब व्हिएतनामहून होडीतून निघालेलं, हाँगकाँगच्या निर्वासितांच्या छावणीत वर्ष काढून ऐंशी साली इथे पोचलेलं. आई वाटेतच गेली. आता बाप, आजी आणि तो मिळून टेकअवेचं दुकान चालवत. पाटीवर चायनीज लिहिलेलं, कारण व्हिएतनामी म्हटलं की गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नसे. खरं जेवण मागच्या खोलीत शिजे, आजीच्या हातचं.

डबा परत आला तो भरून. तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळून तळलेले बोटाएवढे रोल, आत डुकराचं मांस. मंजिरीने तुआनला सांगितलं की आमच्या घरी हे चालत नाही, आणि हेही सांगितलं की आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. म्हणून तिने घरात आईने वळून ठेवलेले चार लाडू त्यात पाठवले. झालं, आजी हरखली. ती स्वतः चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांसमच्छी शिवत नसे, त्यामुळे तिला काही अवघड नव्हतं. ती इंडियन दुकानात जाऊन अळकुड्या दाबून दाबून निवडू लागली. अळकुडी, मुगाची डाळ, काळे मशरूम, असे चौदा रोल दर शुक्रवारी डब्यात भरले जात. झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत ती तुआनला विचारी, शैलाला आवडले का? इंग्लंडमध्ये नऊ वर्षं काढून म्हातारीला पहिली मैत्रीण मिळाली होती.

आणि मैत्रिणीला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं!

कारण मंजिरीने घरी तुआनचं नावच काढलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ईलिंगच्या रेखामावशीने इंग्रजाशी लग्न केलं तेव्हा शैलाबाई आठवडाभर फोनवर रडत होत्या, बहीण हातची गेली म्हणून. ते मंजिरीच्या मनात घर करून बसलं. रोल घरी न्यायचे तर कुणाकडचे ते सांगावं लागणार. सुरुवातीला तिने बसमध्येच खाल्ले. पण डबा घ्यायला दुकानात गेलं की आजीने आधीच जेवू घातलेलं असे, चौदा रोल खाणार तरी किती? मग बसस्टॉपजवळच्या कचऱ्याच्या बिनमध्ये डबा उपडा व्हायला लागला. सोमवारी धुतलेल्या डब्यात आईचे लाडू, आणि तोंडात तयार वाक्य, आईला फार आवडले. घरातले लाडू संपतात म्हणून शैलाबाई खूश, परीक्षा आहे, पोरगी खातेय. त्या आणखी वळत.

प्रेम खोटं नव्हतं हो, ते तेवढं खोटं नव्हतं. मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी बसून तुआन तिला शिकवी, सॅलडच्या पानात रोल कसा गुंडाळायचा, आत पुदिन्याची किती पानं, आणि कुरकुरीत टोक स्वतः न खाता तिच्या बशीत ठेवी. आजी आत गेली की हात धरी. त्याच्या बोटांना आल्याचा वास येई, तो तिला घरी जाईपर्यंत पुरे.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. तुआनला कुठेच जायचं नव्हतं, दुकान होतं. तो एवढंच म्हणाला, “तू जायच्या आधी मी आजीला तुझ्या आईकडे घेऊन येतो. नाहीतर तू गेल्यावर मी तुझा कोण?”

तिने हो म्हटलं. मग एका रविवारी आईला बरं नव्हतं, दुसऱ्या रविवारी लंडनचे पाहुणे होते. रोज रात्री ती ठरवी, उद्या आईला सांगायचं, आणि सकाळी आईने चहा पुढे केला की तोंडाला कुलूप. आजचं उद्यावर ढकलणं म्हणतात ते हेच.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आजीची रोलबरोबर द्यायची चटणीची बाटली राहिली. लिंबू, मिरची, साखर, मासळीचा थेंब नसलेली, मुद्दाम वेगळी केलेली. तिने तुआनला पिटाळलं. तो धावत बसस्टॉपवर पोचला तेव्हा मंजिरी डबा बिनवर आपटून तळाला चिकटलेला शेवटचा रोल पाडत होती.

तिला धरणी दुभंगावी असं झालं. ती म्हणाली, आईला माहीतच नाही, मी सांगणार होते, उद्याच सांगणार होते. तुआनने बिनमध्ये वाकून पाहिलं.

“प्रत्येक शुक्रवारी?” त्याने विचारलं.

ती झाकण लावू लागली. त्याने तिच्या हातातला डबा घेतला आणि तो गेला.

रविवारी बेल वाजली, दार शैलाबाईंनी उघडलं. बाहेर एक परका मुलगा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दोन्ही हातांनी डबा पुढे करून तो इंग्रजीत म्हणाला की आजीने लाडवांबद्दल आभार मानलेत. आणि वळून चालू लागला. शैलाबाईंनी झाकण उघडलं. डबा घासूनपुसून लख्ख होता आणि आत काही नव्हतं.

मग सगळं सांगावंच लागलं. मंजिरी रडत रडत सांगत होती आणि शैलाबाई ओट्याला टेकून ऐकत होत्या. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, अळकुड्या? मुगाची डाळ? माझ्यासाठी?

“तू रागावली असतीस,” मंजिरी म्हणाली.

“रागावलेच असते. पण खाल्ले असते आणि मग रागावले असते.”

संध्याकाळी त्यांनी ताजे लाडू वळले, डबा गच्च भरला आणि म्हणाल्या, जा, त्या आजींना माझा नमस्कार सांग, मी बुधवारी भेटायला येते म्हणावं.

तुआन काउंटरवर होता. दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत त्याने तिला उभं ठेवलं. पडद्यामागून आजीच्या सुरीचा आवाज येत होता. मंजिरीने डबा पुढे केला, आईचा निरोप सांगितला.

“आजीला सांगितलंय, शैला केंब्रिजला राहायला गेली,” तो हळू म्हणाला. “ती कालपासून जेवली नव्हती, आता कुठे उठलीय. तू तिला दिसू नकोस.”

डबा त्याने घेतला नाही.

ती बसने परत आली. शैलाबाईंनी डबा हातात घेतला, वजनावरूनच त्यांना समजलं. आलेला डबा रिकामा परत देऊ नये हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. भरलेला डबा तसाच परत आला तर काय करायचं, ते कुणीच शिकवलं नव्हतं. त्या तो हातात धरून स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या.