मुकादमाचे ठिपके

दादाने अट फोनवर नाही, घरी येऊन समोर बसून घातली.

"पंधरा दिवस. तेवढ्यात हे पिल्लू बाहेर जायला शिकलं, तर राहू दे. नाहीतर माझ्या ऑफिसातल्या एकाच्या घराला अंगण आहे, तिथे देऊन टाकू. बाबा ओल्या फरशीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर कुत्रं येणार आहे का उशाशी बसायला?"

"आणलं कोणी?" मी म्हटलं.

"मीच. म्हणून मीच नेतो म्हणतोय ना, छोटे."

आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बाबांना सोबत म्हणून दादाने ते तपकिरी पिल्लू आणलं होतं, आणि मी रजा वाढवून घरी राहिले होते. बाबांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. घरात कोणी काही करायला घेतलं की तो जवळ येऊन बसायचा, कामावर नजर ठेवायचा आणि स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते हे नाव ठेवताना. मी परत गेल्यावर या घरात बाबा कोणाशी बोलणार, या प्रश्नाला माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी नियम सांगितले. झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. रोज त्याच झाडाखाली. घरात केलं तर ओरडायचं नाही. मुकाट्याने पुसायचं आणि वरून पाण्यात व्हिनेगर घालून फडकं फिरवायचं, कारण वास राहिला की पुन्हा तिथेच. "आणि कुठे करतो, कधी करतो, ते लिहून ठेवा," त्या म्हणाल्या.

हे शेवटचं बाबांना फारच पटलं. चाळीस वर्षं ते ड्राफ्ट्समन होते. त्याच दिवशी त्यांनी टेप काढून घर मोजलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं, मुकादमाने देखरेख केली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर नकाशा लागला. एका इंचाला चार फूट. भिंतींची जाडी, कुठलं दार कुठल्या बाजूला उघडतं, पलंग, कपाटं, आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण.

"बाण कशाला?" मी विचारलं.

"बाण नसला तर ते नुसतं चित्र."

प्रत्येक वेळी बाबा लाल पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे आणि शेजारी बारीक, एकसारख्या अक्षरांत वेळ लिहायचे. पहिल्या आठवड्यात सोफ्यामागे, टेबलाखाली, गॅलरीच्या दारात असे इतके ठिपके पडले की बाबा म्हणाले, "घराला गोवर आलाय."

आठव्या दिवशी खाऊन झाल्यावर मुकादम आपण होऊन दारापाशी गेला आणि माझ्याकडे बघून कण्हला. मी चप्पल न घालताच त्याला घेऊन जिने उतरले. त्या दिवसानंतर बैठकीच्या खोलीत एकही ठिपका पडला नाही. पहाटेचा मात्र थांबेना. मुकादम बाबांच्या पलंगाशेजारी झोपायचा. मी उठेपर्यंत बाबांनी फरशी पुसूनही टाकलेली असायची.

"तुझ्या शिष्याने दिवे लावले," ते म्हणायचे. "पाच वाजता."

बाराव्या दिवशी, दूध तापेपर्यंत, मी नकाशासमोर उभी राहिले. बैठकीतले ठिपके विखुरलेले होते, पिल्लू भटकतं तसे. पहाटेचे विखुरलेले नव्हते. पहिल्या आठवड्यात ते गर्दीत कळले नव्हते. आता वेगळे दिसत होते. पलंगाच्या कडेपासून बाथरूमच्या दारापर्यंत, पट्टी ठेवल्यासारखे, एका रेषेत.

त्या रात्री मुकादमाला मी माझ्या खोलीत घेतलं आणि बाबा झोपल्यावर दाराला हळूच कडी लावली. बाबांना म्हटलं, त्याला माझी सवय व्हायला हवी. सकाळी तो आपल्या खोक्यात कोरडा ठणठणीत झोपला होता. नकाशावर एक नवा ठिपका होता. पाच दहा.

बाबा त्याला फिरवायला गेल्यावर मी त्यांच्या पलंगाची चादर बदलायला घेतली. खाली, बाबांच्या बाजूला, मेणकापड होतं. चारी कोपऱ्यांना नाड्या शिवलेल्या, आणि ती टीप आईची. घड्यांवर मेण उडून कापड पांढरं पडलं होतं, म्हणजे ते काही काल-परवाचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आईने मला कुठली किल्ली कुठल्या डब्यात आहे ते सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

मी मेणकापड होतं तसं ठेवलं आणि वर धुतलेली चादर घातली.

दादाला मुकादम शिकला म्हणून सांगावं, तर मग पहाटेचे ठिपके कोणाचे? शिकला नाही म्हणावं, तर तो जाणार. बाबांशीच बोलायला हवं होतं. वयाबरोबर होतं असं, त्यावर औषधं असतात, लाजण्यासारखं काही नाही. पुस्तकांत ही वाक्यं माणसं किती सहज बोलतात. मी दोन दिवस ती मनात जुळवत राहिले.

"बाबा."

"काय गं?"

"साखर संपत आलीय."

"आणू की." त्यांनी पिशवी घेतली. मुकादम आधीच दारात होता.

पंधराव्या दिवशी दादा आला. "काय, मुकादम पास की नापास?"

"पास," मी म्हणाले. "आठवडा झाला, घरात एकदाही नाही."

दादा नकाशापाशी गेला. "मग हा कोणाचा? आज सकाळी, पाच वीस?"

बाबा चष्मा पुसत होते.

"अगं, माझ्यापासून काय लपवतेस?"

"दादा, तो त्याचा नाही..."

"त्याचाच," बाबा म्हणाले. "ही लाड करते त्याचे. नाही शिकत तो. घेऊन जा तू."

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलून जाईन असं वाटलं की ते असेच पाहायचे. मी तेव्हाही गप्प बसायचे. चाळीस वर्षं नकाशे वाचलेल्या माणसाला ती रेषा दिसली नसेल, अशी एक आशा मला दोन दिवस होती. ती संपली.

एका वाक्यात मुकादम राहिला असता. ते वाक्य मला पाठ होतं.

बाबांनीच त्याचं सामान भरलं. वाटी, पांघरूण, कुरतडलेला चेंडू. पट्टा अडकवताना ते दादाला म्हणाले, "त्यांना सांग, खाऊन झालं की लगेच बाहेर न्या. तो दारापाशी जाऊन कण्हतो, तेव्हा थांबायचं नाही. आणि ओरडू नका म्हणावं."

"कण्हतो? मग शिकलाय की."

"अर्धवट," बाबा म्हणाले.

दादा त्याला कडेवर घेऊन उतरला. जिन्याच्या वळणापर्यंत मुकादम मान मागे करून आमच्याकडे बघत होता. मग खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. बाबा खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. आता बोलायला कोणाची आडकाठी नव्हती, आणि तरी मी उठले ते स्वयंपाकघरात जायला.

"चहा टाकू?"

"मला नको. संध्याकाळी काही पीत नाही मी आता."

"कधीपासून?"

"आजपासून."

मी एकाच कपाचं पाणी ठेवलं.