अंगठ्याचा ठिपका

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका अंगणात चला. तारेच्या जाळीला चाळीसेक माणसं चिकटून उभी आहेत. मधल्या टेबलावर अंडी उबवायची पेटी, आणि पेटीमागे पांढरी शाल पांघरलेला एक माणूस. डोळे अर्धे मिटलेले, उजवा अंगठा वर. झाकण उघडतं. आत काळी पिल्लं एकमेकांवर धडपडताहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे. चुन्यात बोट बुडवून टेकवावं, अगदी तसा.

"एकवीस दिवसांपूर्वी हा अंगठा अंड्याला लागला," शालवाला म्हणतो, "आणि कवच ओलांडून आत उमटला. डोक्यावर ठिपका, तो कोंबडा. ठिपका नाही, ती कोंबडी. आठ आठवडे सांभाळा आणि माझी चूक काढा."

चूक निघत नसे, हीच तर गंमत. वर ही पिल्लं बाजारातल्या मांसाच्या कोंबड्यांसारखी भराभर वाढत, पण त्यांच्यासारखी पाय मोडून बसत नसत. दिवसभर उकिरडा उकरत हिंडत. लोकांनी त्याला अंगठेबाबा म्हणायला सुरुवात केली. आणि बाबा किती निर्मोही. पैसा मागत नसे. "पैसा माती आहे. मला फक्त एक पट्टेरी कोंबडी द्या, जुन्या जातीची." तशी राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी पूर्वी घरोघरी असायची. आता एकेक करून सगळ्या बाबाच्या जाळीआड जमल्या होत्या.

गर्दीत पुढे एक अकरा वर्षांची मुलगी उभी होती. तिला घरी चिमणी म्हणत. अंगठेबाबा तिचा सख्खा मामा.

आता जरा मागे जाऊ या. दोन वर्षांपूर्वी मामा नुसता अंडीवाला होता. अंडं दिव्यासमोर धरून आतलं पिल्लू कसं बघायचं, ते त्यानेच चिमणीला शिकवलं होतं. तिच्या पट्टूसाठी, म्हणजे तिच्या हातून दाणे खाणाऱ्या पट्टेरी कोंबडीसाठी, त्यानेच मांसाच्या जातीचा एक दांडगा लाल कोंबडा आणून दिला होता. त्यांची चौदा पिल्लं झाली. चिमणीने प्रत्येकाच्या पायाला दोरा बांधला, रोज पाहिलं, आणि वहीत लिहिलं: ठिपका म्हणजे कोंबडा, बिनठिपका म्हणजे कोंबडी, चौदापैकी चौदा बरोबर. वही तिने सगळ्यात आधी मामाला दाखवली. मामाने तिचा गालगुच्चा घेतला. "हुशार गं माझी भाची. इतक्यात कोणाला सांगू नकोस हं."

तिने सांगितलं नाही. सहा महिन्यांनी मामाने शाल पांघरली.

तुम्ही म्हणाल, तिने तिथेच तोंड उघडायचं. पण मामा होता तो. आपल्या माणसाने फसवलंय हे डोळ्यांना दिसतं, तरी मन मान्य करायला वेळ घेतं. ती आशेने त्याच्याकडे गेली.

"मामा, हे तर मी तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा अंगठा कुठे लावला होता?"

मामाने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "लोकांना वही कळत नाही गं. अंगठा कळतो."

"पण तुम्ही सगळ्या अंड्यांना अंगठा लावता. मग निम्म्यांवरच कसा उठतो?"

"तू जरा जास्तच विचार करतेस. बरं, तुझ्या आईने पट्टू द्यायचं कबूल केलंय. पुढच्या पेटीच्या दिवशी घेऊन ये."

आई म्हणाली, "सख्खा भाऊ आहे माझा, नाही कसं म्हणू?" चिमणी त्या संध्याकाळी जेवली नाही. सकाळी उठून ती गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, वही पुढे केली आणि म्हणाली, "मला पेटी हवी आहे. आणि मामा इथे यायला नकोत."

पेटीचा दिवस उजाडला. गर्दी होतीच. दूधवाला तक्रार घेऊन आला होता. "बाबा, तुमच्या पिल्लांची मी पुढे वीण केली. कोणी हत्तीएवढं, कोणी मुठीएवढं. ठिपकेवाल्यांतल्या निम्म्या अंडी घालायला लागल्या."

"घरात भांडण झालं असेल. आणखी एक पट्टेरी आणून दे."

"भांडण तर रोजच होतं," दूधवाल्याची बायको म्हणाली. "पहिल्या वेळी कसं चाललं मग?"

लोक हसत होते तेवढ्यात चिमणी आणि डॉक्टरीणबाई पट्टूला आणि दोन टोपल्या घेऊन आल्या. पहिलीत बारा काळी पिल्लं, सातांच्या डोक्यावर ठिपके.

"ही पट्टूची," चिमणी म्हणाली. "दवाखान्यात उबवली. कोणाचाही अंगठा लागलेला नाही."

मामा शांतपणे हसला. "मी दुरून आशीर्वाद दिला होता, बाळ."

"मग ही बघा." दुसऱ्या टोपलीत सहा पिल्लं होती. सगळी तांबूस, ठिपका एकावरही नाही. "तीन आठवड्यांपूर्वी शिंपीणकाकूंनी सहा अंडी आणून त्यांना तुमचा अंगठा लावून घेतला. ती त्यांच्या साध्या लाल कोंबडीची होती. अंगठा तुमचाच, तोही जवळून."

मामाचा वर केलेला अंगठा शालीत गेला.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कोंबडी आपले पट्टे फक्त मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. पिल्लू लहान असताना तेच पट्टे आधी डोक्यावरचा ठिपका म्हणून दिसतात. बाप बिनपट्ट्यांचा असला, की ठिपकेवाला हमखास कोंबडा. वाढ बापाची, काटकपणा आईचा. पुढच्या पिढीत मात्र सगळी सरमिसळ होते, म्हणून पुन्हा पुन्हा पट्टेरी कोंबडी लागते. "तुमच्या दारातला गुण तुम्ही ह्यांना दिलात," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांच्याकडून चमत्कार म्हणून परत घेतलात."

मुलांनो, कोणी अंगठा वर केला, तर हात जोडण्याआधी विचारा: अंगठा न लावता काय होतं? एवढा एक प्रश्न पुरतो. तो आपल्या माणसालाही विचारावा. तिथे तो सगळ्यात जड जातो, हे मला ठाऊक आहे.

लोकांनी आपापल्या कोंबड्या ओळखून काढल्या. चिमणीने वहीतलं ते पान घरोघरी देण्यासाठी आधीच उतरवून आणलं होतं. पट्टूला काखेत धरून ती एकेकाला कागद देत गेली. शेवटी जाळीपाशी मामा एकटा उरला. शाल खांद्यावरून घसरलेली. त्यालाही राहवलं नाही. त्याने हात पुढे केला.

चिमणीने उरलेले कागद घडी करून खिशात ठेवले.

"तुम्हाला कशाला, मामा? तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी दिलं होतं."

आणि ती पट्टूला घेऊन घरी निघाली.