स्ट्राउड मास्तरांच्या मार्चचा शेवट

मित्रांनो, वाजवणाऱ्याच्या अंगाभोवती वेटोळे घालून त्याच्या डोक्यावर तोंड वासून बसणारा पितळी कर्णा तुम्ही मिरवणुकीत पाहिला असेल. तसलाच मी एक. वयाने म्हातारा आणि आता स्वभावानेही चिडका झालेला. का चिडू नये? माझे गाणे अर्धवट राहिले आहे.

कारखान्यात ठोकून, वाकवून, चकचकीत करून मला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डनमोर गावच्या बँडमध्ये पाठवले. बँडमास्तर होते हार्लन स्ट्राउड. ते दिवसा गावाच्या दाढ्या करत आणि संध्याकाळी मार्च, म्हणजे बँडने पावलांच्या ठेक्यावर वाजवायच्या धून, रचत. त्यांचे मार्च शेजारच्या राज्यांतही वाजत. मला वाजवायचे ऑटो ब्रेनिके, बेकरीवाले.

"हार्लन, बाकीच्यांना गाणी आणि माझ्या नशिबी जन्मभर ढुम-पा, ढुम-पा!" एकदा दाढी करून घेताना ऑटो कुरकुरले.

"हलू नकोस, कान कापला जाईल. देतो तुलाही गाणं."

मास्तरांनी शब्द पाळला. नव्या मार्चच्या शेवटी सगळी वाद्ये क्षणभर गप्प होणार आणि मग एकटा मी गाणार! तालमीत ते गाणे वाजवताना ऑटोंचे डोळे भरून आले. मला तर आकाश ठेंगणे झाले.

आमच्याकडे उन्हाळ्यात बागेत बँड वाजतो. शेवटचा मार्च संपला, की चर्चच्या बायका आईस्क्रीम वाढायला घेतात. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही गप्प झालो मात्र, लोकांना वाटले, संपले! टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अख्खे गाव खुर्च्या ढकलत टेबलांकडे पळाले. ऑटो गाल फुगवून तसेच उभे राहिले.

पुढच्या वेळी मास्तरांनी आधीच बजावले, "मंडळी, मध्ये थांबलो तरी उठू नका हं." लोकांना ती थट्टा वाटली. ते खो खो हसले आणि नेमके तिथेच उठले. मग तो रिवाजच पडला. बँडवालेही वाद्ये टाकून पळू लागले. मास्तर गेले ते ही रुखरुख मनात घेऊनच. गावाने त्यांचा पुतळा उभारला, उत्सव सुरू केला, त्यांच्या नावाचे आईस्क्रीमसुद्धा काढले. मार्चचा शेवट मात्र कोणी वाजवला नाही.

मला कपाटात ठेवले. उत्सव आला की बाहेरून पुसायचे आणि गळ्यात माळ घालायची. आत काय गंजले आहे, हे बघतो कोण?

यंदा ऑटोंच्या पणतीने, मार्टाने, मला वाजवायला घेतले. त्याला कारण मास्तरांची लेक, विनिफ्रेड. ती आता खूप थकली आहे.

"मार्टा, बाबांच्या मार्चचा शेवट मी कधी ऐकलाच नाही गं," ती म्हणाली. "त्या पहिल्या दिवशी मीपण आईस्क्रीमला पळाले होते. पुढचा उन्हाळा काही मला दिसत नाही."

"आज वाजवते, विनीआजी. तुम्ही तेवढ्या उठू नका."

"उठतेय कसली! गुडघे आहेत कुठे?"

उत्सवात मार्च सुरू झाला. ती जागा आली. बँड गप्प झाला, टाळ्या पडल्या, लोक पळाले.

"अगं, संपलं! चल, व्हॅनिला संपेल!" ढोलवाला ओरडला.

मार्टाने लक्ष दिले नाही. ती फुंकत राहिली आणि मी गायलो. आवाज घोगरा होता, पण गायलो. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकटी विनिफ्रेड डोळे मिटून बसली होती. आणि अगदी शेवटच्या सुरापाशी सूर बदलायचा माझा गंजलेला दट्ट्या अडकला. मार्टाने दाबला, ठोकला, तो हलेना.

"संपलं?" विनिफ्रेडने डोळे न उघडता विचारले.

"नाही, आजी. एकच सूर राहिलाय. दट्ट्याला तेल हवं."

"मग आण जा. मी बसलेय."

तेलाची बाटली आताच्या बँडमास्तरच्या खिशात आहे आणि तो आईस्क्रीमच्या रांगेत सगळ्यांत पुढे! मला अंगावर घेऊन मार्टा गर्दीतून वाट काढते आहे. मित्रांनो, जुन्या वाद्यांना माळा घालू नका, वेळेवर तेल घाला. आणि कोणी क्षणभर गप्प झाला, म्हणजे त्याचे म्हणणे संपले, असे समजू नका. आता बाजूला व्हा पाहू, जाऊ द्या आम्हाला. मास्तरांची लेक तिकडे एकटी बसली आहे.