सिमेंटखालचा चेहरा

सिमेंट बघितलं की मला हल्ली ओकारी येते. आमच्या गावच्या चर्चची दक्षिणेची भिंत साडेसहाशे वर्षं चुन्यात सुखानं उभी होती. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या सांध्यांत सिमेंट कोंबलं आणि ओल आतच कोंडली. आता ते सिमेंट काढायला छिन्नी मारावी तर मागचा दगड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून पडतो, वर तो कुबट वास. शी.

आमची आर्किटेक्ट हिलरी अहवाल लिहितेय. तो चर्चच्या दप्तरात कायमचा राहणार. "कुठल्या गाढवाचं काम हे, रॉय?" तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, "ठाऊक नाही गं. तेव्हा कुणाला कळत नव्हतं, बिचाऱ्यांना."

गाढव माझ्या परांचीखालच्या बाकावर थर्मास घेऊन बसलं होतं. माझे वडील, विल्फ्रेड स्टॅग, वय शहाऐंशी. गवंडीकाम मला त्यांनीच शिकवलं. एके काळी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "ही भिंत मी वाचवली बरं का."

मंगळवारी मी खिडकीच्या कडेला कोरलेल्या बाईपाशी पोचलो. डोक्याला फडकं बांधलेली बाई. बाबांनी तिच्या तोंडावर सिमेंट थापून नवे नाकडोळे काढले होते, बटाट्यासारखे. मी ते अलगद सोडवलं. आत बाई नव्हतीच, मूठभर ओली वाळू हातात आली. सिमेंटच्या आतल्या बाजूला मात्र तिचा खरा चेहरा उमटला होता, ओठाची मुरड, गालावरची खळीसुद्धा.

तो तुकडा नेऊन मी बाबांच्या मांडीवर ठेवला. वाटलं, रडतील.

त्यांनी खळीवरून बोट फिरवलं. "देखणी होती," म्हणाले. "तुझ्या आजोबांनी बजावलं होतं मला, सिमेंट लावू नकोस, दगड कुजेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. पण चुना मुरवत कोण बसणार? कंटाळा आला होता रे. म्हटलं, कुजेल तेव्हा मी कुठं असणार बघायला." आणि ते चहा ओतू लागले.

मला किळस आली. बापाची, आणि महिनाभर त्याच्यासाठी खोटं बोलणाऱ्या माझ्या तोंडाचीही.

"हिलरी," मी तिथूनच हाक मारली, "लिहून घे. विल्फ्रेड स्टॅग. आणि हेही लिही, की त्याला माहीत होतं."