ज्वालामुखीस हार्दिक शुभेच्छा

कसबा बावड्यात माणूस परदेशी निघाला की आधी पासपोर्ट येत नाही, आधी फ्लेक्स येतो. हे अनुजाबाईंना ठाऊक असायला हवं होतं. पण उभी नोकरी जगाचा भूगोल शिकवण्यात गेली, आणि आपल्या चौकाचा भूगोल त्यांनी कधी मनावर घेतला नाही. घोटाळा झाला तो तिथंच.

बाईंची मागणी तशी साधी होती. दरवर्षी त्यांनी आठवीच्या वर्गात फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढला होता. खाली तांबड्या खडूनं लाव्हारस, मधून वर जाणारी नळी, आणि माथ्यावर पांढऱ्या खडूनं भरघोस धूर. दरवर्षी तो डोंगर फुटायचा आणि तास संपला की डस्टरखाली गडप व्हायचा. खुद्द बाईंनी चढलेला मोठ्यात मोठा डोंगर म्हणजे पन्हाळा, आणि तिथं धूर निघायचा तो झुणका-भाकरीच्या चुलींचा. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ हातात आलं तेव्हा बाईंना पहिल्यांदा घाई झाली. व्हेसुव्हियस बघायचा होता. इटलीत, नेपल्स शहराच्या उशाशी.

"उन्हाळ्यात आपण इटलीला जाऊ," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "दोघंच."

हंबीरराव म्हणाले, "बघूया की."

हंबीररावांनी दूध संस्थेचं चेअरमनपद बरीच वर्षं भोगलं होतं. 'बघूया की' म्हणजे होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. ठरावात काय लिहायचं ते सेक्रेटरीनं बघावं, एवढाच त्याचा अर्थ. सेक्रेटरी घरात बाईच होत्या. त्यांनी होकार लिहून टाकला.

'दोघंच' म्हणण्याला कारण होतं. लग्न झाल्यापासून ही दोघं दोघंच अशी कुठं गेलीच नव्हती. एकदा हंपीला जायचं ठरलं, तर पहाटे दारात दोन जीपगाड्या भरून भावकी उभी. मग सगळा मुक्काम चांगलं मटण कुठं मिळतं याच्या शोधात गेला. दगडी रथ बघायचा राहिला तो राहिलाच. पुढं पन्नासची नवी नोट आली, तिच्यावर तो बाईंनी निवांत बघून घेतला.

तेव्हा या खेपेला बाईंनी नेटानं बेत केला. शाळेनं मोडीत काढलेला युरोपचा कापडी नकाशा बाहेरच्या सोप्यात टांगला. दक्षिणेतून सुरुवात करायची: नेपल्स, मग रोम, मग फ्लॉरेन्स, शेवटी व्हेनिस. सगळा प्रवास आगगाडीनं, वर वर सरकत. या कामी जोडीला नजीराबाई होत्या. त्या हिंदी शिकवायच्या. स्टाफरूममध्ये दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी. नजीराबाईंचे यजमान गौसभाई यांचं चौकातच फ्लेक्स छापायचं दुकान होतं. बावड्यातल्या प्रत्येक वाघाचा जन्म त्याच दुकानात झालेला.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी चहाच्या गाड्यावर हंबीरराव कप बशीत ओतता ओतता एवढंच बोलले, "जरा युरोपला जाऊन यावं म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

'बावड्याचा ढाण्या वाघ निघाला साता समुद्रापार. दुग्धरत्न मा. हंबीररावदादा यांच्या युरोप अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' मधोमध हंबीरराव, काळा गॉगल लावून, फोन कानाला लावून, कुठंतरी वर बघत. मागं पॅरिसचा टॉवर, लंडनचं घड्याळ, एक पवनचक्की आणि दोन गाई. खाली सोळा शुभेच्छुक, एकेक गाईपेक्षा थोर दिसेल असा.

पोरांचा पेपर तपासावा तसा बाईंनी तो फ्लेक्स वरून खाली वाचला. इटली त्यात कुठंच नव्हती. बायकोही नव्हती.

"अहो, हा टॉवर पॅरिसचा आहे," घरी येऊन त्या म्हणाल्या. "पॅरिस इटलीत नाही."

"बाजूलाच असंल की," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज एका रात्रीत भारदस्त झाला होता.

"आणि अभ्यास कसला? आपण फिरायला चाललोय."

"फिरायला जाणाऱ्याचा कुणी फ्लेक्स लावतंय व्हय?"

बिनतोड होतं. बाई चहा टाकायला गेल्या.

संध्याकाळी सोप्यात बैठक बसली. अध्यक्षस्थानी पुतण्या अमरसिंह. हा एकदा दुबईला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून परदेश या विषयावर बावड्यात त्याचा शब्द शेवटचा. भोवती सोळापैकी हाताला लागले तेवढे शुभेच्छुक, आणि समोर पोह्यांच्या बश्या.

"काकी, ह्यो तुमचा प्लॅन बघितला," अमरसिंह म्हणाला. "चांगला हाय. पर ह्यात पॅरिस कुठाय?"

"नाही. तो इटलीचा आहे."

"आवो, पर फ्लेक्सवर हाय न्हवं. उद्या लोकं इचारतील, दादा, टावर बघितला का. काय सांगायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावताना पोहे चावता येतात, हा त्या मंडळींचा विशेष होता.

"रोमपासनं पॅरिस किती लांब पडंल?" राजवर्धन नावाच्या शुभेच्छुकानं विचारलं.

अमरसिंहानं नकाशावर वीत टेकवली. "सांगली-मिरज धरा."

"आणि लंडन?"

"त्ये जरा वाकडं हाय. पर दुबईला गेलतो तवा बघितलंय, तिकडं रस्ते एक नंबर असत्यात. गाडी पळती."

"मध्ये समुद्र आहे," अनुजाबाई म्हणाल्या.

"पूल असंल की, काकी. एवढी सुधारल्याली माणसं."

मग गाई निघाल्या. फ्लेक्सवर गाई आहेत म्हणजे गाई बघणं आलं. पवनचक्कीवरून कुणीतरी हॉलंड ओळखलं आणि हॉलंडही यादीत गेलं. हंबीररावांच्या गोठ्यात गाय नव्हती, होत्या त्या चार म्हशी. एकानं भीत भीत ते बोलून दाखवलं.

"आरं, जे आपल्याकडं न्हाय त्याचाच अभ्यास करायचा असतोय," हंबीरराव म्हणाले, आणि आपण एवढं शहाणं वाक्य बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

अमरसिंहानं खिशातला पेन काढला. "आता कायतरी कमी कराय लागणार. ह्यो ज्वालामुखी काढूया."

बाईंच्या हातातला ट्रे तिथंच थांबला. "तो का?"

"डोंगूर त्यो डोंगूर. पन्हाळ्याला जाऊया की कधीबी."

"आणि मधीच फुटला म्हंजे?" राजवर्धन म्हणाला.

"आणि फ्लेक्सवर तर न्हायच त्यो," हंबीररावांनी निकाल दिला.

व्हेसुव्हियस इतक्या थोड्या श्रमात कुणी विझवला नसेल. बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा पोह्यातला शेंगदाणा शोधत होता.

मग दोन आठवडे बैठका झाल्या. ज्याचा फोटो त्याचा हक्क, या न्यायानं सोळाच्या सोळा जण दौऱ्यात आले. त्यातल्या निम्म्यांकडं पासपोर्ट नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांच्यातल्या दोघांचं बांधावरून बोलणं नव्हतं, त्यामुळं एकाच विमानात चालतील की कसं, यावर एक बैठक गेली. तांबडा-पांढरा रस्सा कोणत्या मुक्कामी करायचा यावर दुसरी. हॉटेलवाले खोलीत चूल मांडू देत नाहीत असं बाईंनी सांगितलं, तेव्हा सभेत युरोपविषयी प्रथमच गंभीर नाराजी पसरली. "मग त्यास्नी पावण्या-रावळ्यांची रीत न्हायच म्हणा की," अमरसिंह म्हणाला. शेवटी एप्रिल उजाडला आणि दौरा ठरला. म्हणजे, पुढच्या वर्षी करायचा असं ठरलं. रद्द हा शब्द कुणी उच्चारला नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला एकटं गाठलं.

"झालं ते बरं झालं. आता आपण दोघं जाऊन येऊ. पहिल्या बेताप्रमाणं."

"खुळी हायस का?" हंबीरराव म्हणाले. "त्या सोळा जणास्नी तोंड कसं दावू? चौकात अभ्यास दौरा लिवलाय. बायकूला घिऊन गेलो की झाली सहल."

"मग मी नजीराला घेऊन जाते. तिचा पासपोर्ट आहे, मक्केच्या उमराहच्या वेळचा."

"दोन बायका? एकट्या?"

"दोन म्हटल्यावर एकट्या कशा?"

"लोकं काय म्हणतील, अनुजा. नवरा हितं आणि बायकू ज्वालामुखीवर."

त्या रात्री जेवणात भाजीला मीठ नव्हतं, आणि हंबीररावांनी ते मागितलं नाही.

लोक काय म्हणतील. बाई त्यावर चार दिवस विचार करत राहिल्या, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बावड्यात लोक स्वतःहून काहीच म्हणत नाहीत. चौकात जे टांगलेलं असतं तेच म्हणतात.

पण भूगोलाच्या बाई त्या; कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे त्यांना कळत होतं. दोघी पुण्याला जाऊन व्हिसाचं काम करून आल्या. पेन्शन जिची तिची होती, त्यामुळं कुणाकडं काही मागायचा प्रश्न आला नाही. व्हिसाचा शिक्का हातात पडला, विमानाची तिकिटं झाली, आणि मगच अनुजाबाई गौसभाईंच्या दुकानाची पायरी चढल्या.

"गौसभाई, फ्लेक्स करायचाय. वीस बाय दहा."

"दादांचा वाढदिवस?"

"ज्वालामुखीचा," बाई म्हणाल्या आणि मजकुराचा कागद पुढं केला.

गौसभाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. "भाभी, हे दादांना विचारलंय का? त्यांचा एवढा मोठा फोटो टाकायचाय."

"तुमच्या दुकानात आजवर कुणाचा फोटो कुणाला विचारून टाकलाय?"

गौसभाईंनी थोडं आठवून बघितलं. "न्हाई बा," ते म्हणाले.

"आणि नजीराचाही टाका. चांगला टाका. पासपोर्टवरचा नको."

"तिनं मलाबी कुठं सांगितलं न्हवतं," गौसभाई पुटपुटले आणि कॉम्प्युटरकडं वळले. बायकोचा फोटो लावताना त्यांनी तो दोनदा मोठा केला, हे बाईंनी बघितलं.

सोमवारी सकाळी बावडा चहाला जमला तो चौकात मान वर करूनच उभा राहिला.

'बावड्याच्या लेकी ज्वालामुखीच्या भेटीला. सौ. अनुजाताई व सौ. नजीराभाभी यांच्या व्हेसुव्हियस मोहिमेस हार्दिक शुभेच्छा.' मागं डोंगर फुटत होता, तांबडाभडक, बाई फळ्यावर काढायच्या तस्साच. आणि खाली एकच शुभेच्छुक, हात जोडून, गॉगलशिवाय: 'पत्नीच्या पाठीशी खंबीरपणे उभे असणारे, स्त्रीशक्तीचे पुरस्कर्ते, दुग्धरत्न मा. हंबीररावदादा.'

हंबीरराव गाड्यावर पोचले तेव्हा गर्दी दुभंगली. त्यांनी वर बघितलं. तोंड उघडलं. तेवढ्यात पेठ वडगावच्या एका दूधवाल्या पाहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"दादा, मानलं. आमच्याकडं बायकूला म्हायेरी धाडतानाबी इचार करत्यात. तुम्ही ज्वालामुखीवर धाडताय."

"व्हय की," हंबीरराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"काका, तुमीच ठरवलं ह्ये?" अमरसिंहानं हळूच विचारलं.

"मग काय तू ठरवलंस?" हंबीरराव कडाडले. त्यांना गर्दीकडून एक कप चहा मिळाला, मग दुसरा. तिसऱ्या कपाला ते लोकांना सांगत होते की बायकांना जग दाखवलं पाहिजे, हे आपण संस्थेत असतानाच बोललो होतो.

घरी आले तेव्हा बाई बॅग भरत होत्या. ते खुंटीवरचा मफलर घेऊन दाराशी आले.

"मफलर घे," ते म्हणाले. "डोंगरावर वारं असतंय."

बाईंनी मफलर घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी अमरसिंहाचा वाढदिवस आला, आणि जागा लागते म्हणून युरोपचा फ्लेक्स उतरवण्यात आला. बावड्यात उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही. गड्यानं तो नेऊन गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर अंथरला आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवले.

व्हेसुव्हियसच्या माथ्यावर पोचल्यावर अनुजाबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली भलामोठा खड्डा होता, करडा, उतरणीला तांबूस. एका कपारीतून वाफेचा बारीक धागा निघत होता, चहाच्या कपावर निघतो तेवढा. बाईंनी तो डोळे भरून बघितला.

"धूर मी उगीच जास्त काढत होते," त्या म्हणाल्या.

"पोरांना कमी धुरात झोप लागली असती," नजीराबाई म्हणाल्या.

वारं खरंच होतं. बाईंनी मफलर आवळला आणि घरी फोन लावला. पलीकडं हंबीररावांना धाप लागली होती.

"पोचलो बरं का आम्ही. अगदी काठावर उभी आहे. तुम्ही कुठं आहात?"

"पॅरिसखाली," हंबीरराव म्हणाले. "वैरण काढतोय. गडी आला न्हाय आज."

बाईंनी खड्ड्याकडं बघत थोडा विचार केला.

"गाई दिसतात का?"

"एक दिसतीया. दुसरी घडीत गेलीया."

"मग अभ्यास चालू द्या," बाई म्हणाल्या, आणि फोन पिशवीत टाकून पुन्हा ज्वालामुखीकडं वळल्या.