तळघराचं दार

बर्फ वितळलं तेव्हाच हेस्टरने नवऱ्याला सांगितलं होतं, की तळघराच्या दाराची चौकट कुजली आहे. "बघतो," असं ऑल्डन म्हणाला. वाटाणे सोलताना तिने पुन्हा सांगितलं. ब्लूबेरीचा मुरंबा चुलीवर रटरटत होता तेव्हा सांगितलं. बटाटे उकरताना तर फावडं रोवून, कमरेवर हात ठेवून सांगितलं. "या आठवड्यात नक्की," तो म्हणाला, आणि खरंच तसं वाटत असल्यासारखा म्हणाला.

ऑल्डन आळशी नव्हता, हीच तर पंचाईत होती. आळशी नवऱ्याला शिव्या तरी देता येतात. अमेरिकेतल्या उत्तर मेनमधल्या त्या खोऱ्यात कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, कुणाच्या विहिरीचा पंप बसला, की पहिली हाक ऑल्डनला. हातातलं खुरपं टाकून तो निघायचा. लोक हेस्टरला दुकानात भेटून सांगायचे, "तुझा नवरा म्हणजे देवमाणूस." ती हसायची आणि मनात म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा देव आमच्याच वाट्याला आला.

सप्टेंबरात सफरचंदं लाल व्हायला लागली आणि डोंगरातून अस्वलं खाली उतरली.

त्या सकाळी ऑल्डन न्याहारी करून शेजारच्या लोरेन तिबोदोकडे गेला होता, तिच्या गोठ्याचं छप्पर शाकारायला. हेस्टर घमेलंभर बीट घेऊन अंगणातून तळघराकडे वळली आणि थबकली. दार होतं, पण चौकटीत नव्हतं. ते गवतात पडलं होतं, बिजागऱ्यांना कुजक्या लाकडाचे लचके लटकलेले.

आत अस्वल नव्हतं. जेवून, तृप्त होऊन ते केव्हाच गेलं होतं. मुरंब्याची एकही बरणी त्याने सोडली नव्हती. मेपलच्या पाकाच्या डब्याला दातांची भोकं होती. घेवड्याच्या शेंगा त्याला नको होत्या, पण फळी ओढताना त्याही बरण्या खाली आल्या होत्या आणि काचांचा सगळा चुरा बटाट्यांच्या ढिगात उधळला होता. भिंतीवर ब्लूबेरीने माखलेला जांभळा पंजा उमटला होता. काकडीचं लोणचं तेवढं जागच्या जागी शाबूत उभं होतं.

हेस्टर पायरीवर बसली. उन्हाळाभर पहाटे उठून ती खुडत होती, निवडत होती, उकळत होती. तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग अजून ताजे होते. रडू येईल असं तिला वाटलं, पण गेली ती तळपायाची आग मस्तकात. तिने बीट तिथेच टाकले आणि ट्रक काढला.

ऑल्डन लोरेनच्या गोठ्यावर बसून खिळे ठोकत होता. खाली लोरेन कॉफीचा मग घेऊन उभी होती. म्हातारी विधवा, मनाने अगदी साधी. तिच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

"खाली ये," हेस्टर म्हणाली.

"चारच फळ्या राहिल्यात गं. जेवायला येतोच."

"जेवायला काय उरलंय? अस्वल जेवून गेलं."

ऑल्डन हसला. तिने गंमत केली असं त्याला वाटलं. त्या हसण्याने मात्र तिचा उरलासुरला धीर सुटला. तिने छपराला लावलेली शिडी आडवी केली, ओढत नेऊन ट्रकमध्ये टाकली.

"अगं हेस्टर, तो उतरणार कसा?" लोरेन घाबरून म्हणाली.

"त्यालाच विचारा. गावाच्या अडचणी सोडवतो, स्वतःची एखादी सोडवेल की."

"हेस्टर! अगं, शिडी!" वरून हाक आली.

"शिडी आपली आहे," ती म्हणाली आणि निघाली. रस्त्यात लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही.

दुपारी लोरेननेच त्याला गाडीतून आणून सोडलं. गोठ्याला टेकलेल्या सफरचंदाच्या झाडावरून उतरताना त्याची पँट गुडघ्यापासून फाटली होती. लोरेनने स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याच्या बरण्यांचं खोकं पुढे केलं. "माझ्यामुळेच झालं हे सगळं. घे गं."

मुरंबा पाण्यासारखा पातळ होता. हेस्टरने तोंडभरून आभार मानले आणि तिला आणखीच वैताग आला.

ऑल्डन तळघरात उतरला. बराच वेळ वर आलाच नाही. मग आला, ओकच्या फळ्या काढल्या आणि कामाला लागला. दिवस मावळायच्या आत नवी चौकट, नवं दार, आडवी लोखंडी पट्टी, सगळं जागेवर बसलं. फट नाही, करकर नाही. इतकं सुबक दार हेस्टरने दोनदा उघडून मिटून पाहिलं.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं, ऑल्डन."

त्याने उरलेले खिळे डब्यात टाकले. "लोकांची कामं अडलेली असतात. घर काय, मला वाटायचं, घर कुठे पळून जातंय? आपलंच आहे."

"मीही आपलीच आहे. म्हणून माझं राहिलं तरी चालतं?"

"चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि तिने तसं सांगितलंही. ब्लूबेरी काही माफी ऐकून पुन्हा धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोरेनच्या राहिलेल्या फळ्या ठोकायला कुणी गेलं नाही. दोघं अंगणात पिंपाशी बसून एकेक बटाटा धुऊन त्यात काच राहिली नाही ना ते तपासत होती. ऑल्डनचं बोट कापलं. तिने पट्टी आणून दिली. बांधून दिली नाही.

आठवड्याअखेर दव गोठून वेली जळणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांनी हिरवे टोमॅटो होते तेवढे सगळे खुडले. त्यांची चटणी करायची, एवढंच आता हातात होतं. तेवढ्याने तळघरातली फळी भरणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. हेस्टरने व्हिनेगर, साखर, कांदा घालून पातेलं चढवलं आणि पळी त्याच्या हातात दिली.

"किती वेळ ढवळायचं?"

"मी सांगेपर्यंत."

ती मागच्या ओट्यावर जाऊन बसली. शेतात आता नुसते वेलींचे सांगाडे उरले होते. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला.

"बुडापासून ढवळ!" ती तिथूनच ओरडली आणि उठली नाही.